‘ड्यू’ म्हणजे कोणाचे देणे, आणि केव्हाचे?

वाचकाचे पत्र

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय एकसष्ट. यजमानांची नजर अधू झाल्यापासून घरातले सगळे कागद मीच बघते. शिक्षण मराठी माध्यमातून बी.ए.पर्यंत झाले असून इंग्रजी वाचता येते, पण ‘ड्यू’ या एका शब्दाने मला सध्या रडकुंडीला आणले आहे. यजमानांच्या क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन वेगवेगळे ‘ड्यू’ होते. त्यातला लहान आकडा मी दर महिन्याला भरत गेले, आणि आता मुलगा म्हणतो की व्याज चढले. फ्लॅटचे कर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फिटले. बँकेने पत्र दिले की आमच्याकडे ‘नो ड्यूज’ आहेत आणि मूळ कागदपत्रे ‘इन ड्यू कोर्स’ मिळतील. जून उजाडला तरी ती मिळालेली नाहीत. यजमानांच्या मुदतठेवीच्या पावतीवर शाखेतल्या मुलीने पेन्सिलीने ‘ओव्हरड्यू’ असे लिहून दिले, म्हणजे आम्ही काय थकवले? मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिची ‘ड्यू डेट’ उलटून चार दिवस झाले म्हणून मी घाबरले, तर डॉक्टर हसल्या. त्यातच नातवाच्या निबंधात बाईंनी ‘ड्यू टू’ खोडून ठेवले. मुलगा म्हणतो, “आई, तुला हे जमत नाही, सगळे कागद माझ्याकडे पुण्याला पाठवत जा.” मी इंग्रजीचा क्लास लावू, की मुलाचे ऐकू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

क्लासची हौस असेल तर जरूर लावा, पण या अडचणीसाठी लावू नका. तिथे काळ, प्रयोग आणि शुद्धलेखन शिकवतील. आपली अडचण त्यात कुठेच नाही. हा शब्द आपल्याला वाचता येतो, त्याचा ढोबळ अर्थही आपल्याला ठाऊक आहे, आणि तरीही समोरचा कागद कळत नाही, कारण लिहिणाऱ्याने त्या शब्दावर जेवढा भार टाकला आहे तेवढा तो पेलत नाही.

‘ड्यू’ हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘देणे लागणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. पासबुकातला ‘डेबिट’, कर्जाला म्हणतात तो ‘डेट’ आणि आपण मराठीतही सर्रास वापरतो ती ‘ड्यूटी’ ही सगळी त्याच घरातली भावंडे आहेत. म्हणजे अर्थाचा गाभा एकच, जे देणे लागते ते. आता देणे म्हटले की आपल्याकडे कोणीही जाणता माणूस लगेच विचारतो की कोण कोणाचे देणे लागतो, किती लागतो आणि कधीपर्यंत. इंग्रजी कागदावरचा ‘ड्यू’ यातले एखाद-दुसरे उत्तर गाळून मोकळा होतो, आणि जे गाळले तेच नेमके आपल्या कामाचे असते. आपल्या घरातल्या प्रत्येक कागदाला हे प्रश्न विचारून पाहू. सुरुवात कार्डापासून करते, कारण तिथे रोज पैसे जात आहेत.

बिलावर ‘टोटल अमाउंट ड्यू’ आणि ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ अशा दोन रकमा असतात, आणि दोन्हींखाली तारीख एकच असते. दोन्हींपुढे ‘ड्यू’ लिहिलेले पाहून बँकेने सवलत म्हणून लहान रक्कम मागितली आहे, असे कोणालाही वाटेल. मांडणीच तशी असते, म्हणून यात आपल्या इंग्रजीला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. वास्तविक पहिला आकडा आपण देणे लागता तो, आणि दुसरा आकडा एवढ्यासाठीच की तेवढे भरले तर बँक आपले खाते थकीत धरणार नाही. पहिल्यात ‘ड्यू’चा अर्थ देणे असा आहे, तर दुसऱ्यात आत्ता मागितलेली रक्कम असा. लहान रक्कम भरल्याने मोठी माफ होत नाही, पुढेही ढकलली जात नाही. तिच्यावर व्याज सुरू होते, आणि एरवी कार्डावर जे बिनव्याजी दिवस मिळतात तेही जातात, त्यामुळे पुढच्या महिन्यातल्या किराण्यावरसुद्धा खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते.

आकडा मांडून दाखवते. समजा बिल २४,००० रुपयांचे होते. लहान रक्कम साधारणपणे पाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे १,२०० रुपये. ती भरल्यावर २२,८०० उरले. अनेक कार्डांवर व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर असते. त्या हिशेबाने एका महिन्याचे व्याज ७९८ रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला की सुमारे ९४० रुपये झाले. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा बाराशेच्या आसपास भरले तर त्यातले अडीचशेच काय ते मुद्दलात गेले. या चालीने २४,००० फिटायला किती वर्षे लागतील, हे आपणच ताडून पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे बिलावर याविषयीची सूचना छापावी लागते, पण ती अशा बारीक टायपात असते की यजमानांचे सोडा, धडधाकट नजरेच्या माणसालाही ती सापडू नये.

यात एक दिलासा आहे. आपण लहान रक्कम दर महिन्याला वेळेवर भरली असल्याने खाते थकीत झालेले नाही, त्यामुळे उशिराचा दंड लागण्याचे किंवा यजमानांच्या पतनोंदीवर तसा शेरा पडण्याचे कारण नाही. यापुढे कधी तारीख चुकलीच तर हेही माहीत असू द्या की तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय कार्ड देणाऱ्या बँकेला तसा शेरा कळवता येत नाही आणि उशिराचा आकारही लावता येत नाही. व्याजाला मात्र ही सूट नाही. तेव्हा मोठा आकडा एकरकमी भरून टाकणे, हेच आता करायचे.

ते पैसे कुठून आणायचे, याचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. मुदतठेवीच्या पावतीवरचे ‘ओव्हरड्यू’ वाचून आपण दचकलात, पण तिथे देणेकरी कोण आहे हे पाहा. ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेले पैसे. त्यांची मुदत संपली की ते परत देणे बँक लागते. ठेव ‘ओव्हरड्यू’ आहे याचा अर्थ मुदत उलटून गेली, बँक देणे लागते आणि आपण घ्यायला गेलेले नाही. आपण काहीही थकवलेले नाही. पुष्कळ बँकांमध्ये मुदत संपली की ठेव आपोआप पुढे चालू होते. आपल्या अर्जात तशी सूचना दिलेली नसावी, म्हणून ती तशीच पडून राहिली. तोटा मात्र होतो, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या सूचनेप्रमाणे अशा पडून राहिलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो. एका हाताने बचत खात्याचे किरकोळ व्याज घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने कार्डावर चाळीस टक्के द्यायचे, असा उफराटा व्यवहार सध्या आपल्या घरात चालू आहे. यजमानांच्या सहीने ठेव मोडून (मोडून तरी कसे म्हणू, ती संपलेलीच आहे) कार्ड चुकते करा आणि उरलेली रक्कम नव्या मुदतीने ठेवा.

मराठी कागदांवर असा घोळ सहसा होत नाही. महावितरणचे वीजबिल पाहा. बिलालाच तिथे देयक म्हटले आहे, ‘देय दिनांक’ वेगळा छापलेला असतो, त्यानंतर भरल्यास किती भरायचे हेही लिहिलेले असते, आणि मागची बाकी असेल तर ती ‘थकबाकी’ या नावाने निराळी दाखवलेली असते. घरपट्टीच्या बिलातही चालू मागणी आणि थकबाकी या रकाने-रकान्याने वेगळ्या असतात. शिल्लक कर्ज, चालू हप्ता आणि थकलेला हप्ता या तीन गोष्टींना आपल्याकडे तीन नावे आहेत. इंग्रजीतही ‘आउटस्टँडिंग’, ‘ड्यू’ आणि ‘ओव्हरड्यू’ असे शब्द आहेत, पण बोलताना शाखेतली मंडळी तिन्हींना मिळून “एवढे ड्यू दिसतंय, मॅडम” म्हणतात. तसे कोणी म्हटले की शांतपणे विचारावे, “म्हणजे शिल्लक, चालू हप्ता, की थकबाकी?” काउंटरवरचा माणूस त्या प्रश्नाने जरा सावरून बसतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

आता लेकीकडे वळते, कारण पत्रातली खरी धास्ती तिथे आहे, आणि ‘ड्यू डेट’ या जोडशब्दाची सगळ्यात मोठी गंमतही तिथेच आहे. बिलाची ‘ड्यू डेट’ ही शेवटची तारीख असते, तिच्या आधी कधीही भरा. बाळाची ‘ड्यू डेट’ शेवटची नसते, पहिलीही नसते, ती मधली असते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, मोजून ती काढतात. त्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचे, अशी जी झटपट रीत आहे ती एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात, आणि ३७ आठवड्यांपासून पुढे ४२ आठवड्यांपर्यंतची बाळंतपणे नेहमीच्या मुदतीतली धरतात. आपल्याकडे जुन्या बायका तारीख सांगत नसत, त्या ‘दिवस भरत आले’ म्हणत. त्या बोलण्यात जो सैलपणा आहे तो या बाबतीत वैद्यकालाही मान्य आहे. चार दिवस वर गेले म्हणून डॉक्टर हसल्या त्या यामुळे.

त्यांच्या हसण्याचा अर्थ मात्र निष्काळजी राहावे असा घेऊ नका. तारीख उलटल्यावर तपासण्या जवळजवळ लावतात, आणि ४१ आठवडे होत आले की कळा सुरू करण्याचा विचार डॉक्टर करतात, तेव्हा पुढची तपासणी कोणत्या दिवशी आणि जास्तीत जास्त कोणत्या दिवसापर्यंत थांबायचे, हे त्यांनाच थेट विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेले किंवा अंगावरून रक्त गेले, तर कोणत्याही तारखेची वाट न पाहता त्याच घटकेला दवाखान्यात न्यावे.

बाळ आले की हाच शब्द तिसऱ्या अर्थाने घरात येईल. आशाताईंच्या कामात लसीकरणाची ‘ड्यू लिस्ट’ असते, आणि लसीकरणाच्या कार्डावर पुढच्या डोसची तारीख घातलेली असते. सरकारी वेळापत्रकात जन्मानंतरचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात, म्हणजे आपल्या बोलण्यातली दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची इंजेक्शने. इथली ‘ड्यू डेट’ ही पहिली तारीख आहे. सहा आठवडे भरण्याआधी तो डोस द्यायचा नाही, आणि दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. तारीख चुकली तर लस बुडाली असे समजून घरी बसायचे नसते, आणि पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. उशीर झाला असेल तर होता होईल तो लवकर पुढचा डोस घ्यायचा. पुष्कळ आया सर्दीखोकल्यात एक तारीख गेली की पुढचे सगळेच सोडून देतात, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिले. तर एकाच ‘ड्यू डेट’चा अर्थ बिलावर शेवटचा दिवस, सोनोग्राफीच्या कागदावर मधला दिवस आणि लसीच्या कार्डावर पहिला दिवस असा होतो, आणि कागद यातले कोणते हे कधीच सांगत नाही.

विमा हप्त्याची तारीख यात आणखी निराळी पडते. आयुर्विम्याचा हप्ता त्या तारखेला द्यायचा झाला, तरी मासिक हप्त्याला पंधरा दिवस आणि तिमाही, सहामाही किंवा वार्षिक हप्त्याला तीस दिवस वाढीव मिळतात आणि तेवढ्या काळात संरक्षण चालू राहते. ‘प्रमोशन ड्यू आहे’ किंवा ‘गाडीचं सर्व्हिसिंग ड्यू आहे’ असे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली मुले रोज म्हणतात, तिथे देणे-घेणे काही नसते, वेळ होत आली एवढेच. नाशिकरोड स्टेशनात एखादी गाडी अमुक वाजता ‘ड्यू’ आहे असे म्हणतात, तेही तसेच. गाडी कोणाचे काही लागत नाही, हे आपण सगळे जाणतोच.

आता बँकेचे पत्र. ते दोनच ओळींचे आहे, पण पत्रातला सर्वांत वजनदार कागद तोच आहे. पहिल्या ओळीतले ‘नो ड्यूज’ म्हणजे आपल्याकडे बँकेचे काहीही येणे उरलेले नाही. सहकारी संस्थांत याला बेबाकी दाखला म्हणतात. ते पत्र लॅमिनेट वगैरे करू नका, मूळ प्रत फाइलला लावा आणि दोन झेरॉक्स बाजूला ठेवा. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर खरेदीदाराचा वकील ते मागेल, आणि सोसायटीची वर्गणी बाकी नसल्याचा दाखलाही मागेल, कारण सोसायटीचे ‘ड्यूज’ वेगळे आणि बँकेचे वेगळे.

दुसऱ्या ओळीतले ‘इन ड्यू कोर्स’ हे मात्र मला मुळीच आवडलेले नाही. त्याचा अर्थ यथावकाश. देणारा कोण हे कळते, काय द्यायचे तेही कळते, पण केव्हा हे अजिबात कळत नाही, आणि कळू नये अशीच त्या शब्दांची सोय असते. गंमत म्हणजे कायद्यात हेच शब्द मोघम नाहीत. १८८१च्या चलनक्षम दस्तऐवज अधिनियमात, ज्याखाली आपले धनादेश चालतात, धनादेश ‘इन ड्यू कोर्स’ धारण करणारा कोण आणि रक्कम ‘इन ड्यू कोर्स’ दिली असे केव्हा म्हणायचे, याच्या व्याख्या कलम ९ आणि १० मध्ये नेमक्या दिल्या आहेत. कार्यालयीन पत्रव्यवहारात मात्र ते शब्द ‘बघू, करू’ची इस्त्री केलेली आवृत्ती झाले आहेत.

आपल्या बाबतीत ‘केव्हा’चे उत्तर बँकेच्या मर्जीवर सोडलेलेच नाही. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार घरकर्जासारखे व्यक्तिगत कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत दिली पाहिजेत आणि मालमत्तेवर नोंदवलेला आपला बोजाही काढून टाकला पाहिजे. १ डिसेंबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर ज्यांची कागदपत्रे परत करण्याची वेळ येते, अशा सर्वांना हे लागू आहे. या वाक्यातही मूळ इंग्रजीत ‘ड्यू’च आहे, पण इथे त्याच्यापुढे तारीख बसवल्यामुळे त्याला दात आले आहेत. सहकारी बँका आणि गृहवित्त संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. विलंब बँकेमुळे झाला असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते, आणि विलंबाचे कारणही बँकेने कळवावे लागते. कागद बँकेकडून गहाळ किंवा खराब झाले असतील तर नकला मिळवून देण्याचा खर्च बँकेचा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात आणि भरपाई एकूण ६० दिवसांनंतर मोजली जाते. आपले कर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फिटले, म्हणजे मुदत मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच संपली. जूनपर्यंतचे दिवस मोजून पाहा. रक्कम लहान नाही, आणि इथे थकबाकीदार बँक आहे.

तरीही पहिल्याच भेटीत भरपाईवरून भांडण काढू नये, असे मला वाटते. आधी कागद घरी येऊ द्यावेत. शाखा व्यवस्थापकांच्या नावे साधा अर्ज मराठीतच लिहा, त्यासाठी इंग्रजीची मुळीच गरज नाही. मजकूर असा असावा: “कर्ज खाते क्रमांक अमुक हे अमुक तारखेला पूर्ण फेडले असून तसे आपले पत्र सोबत जोडले आहे. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३च्या परिपत्रकानुसार मूळ कागदपत्रे ३० दिवसांत मिळणे आवश्यक होते. ती कोणत्या तारखेला व कोणत्या शाखेत मिळतील, तसेच बोजा कमी केल्याची नोंद कोणत्या तारखेला झाली, हे लेखी कळवावे.” खाली यजमानांची आणि सहकर्जदार असाल तर आपलीही सही. अर्जात ‘लवकरात लवकर’ असे लिहू नका, कारण तो मराठीतला ‘इन ड्यू कोर्स’ आहे. कागद हातात आले की काउंटरवरच कर्जाच्या वेळी दिलेल्या पोचयादीशी एकेक पान ताडून पाहा: नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू, नोंदणीची पावती, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट ठेवले असेल तर तेही. त्यानंतरच मिळाल्याची सही करा.

नातवाच्या निबंधाचा निकाल थोडक्यात देते. त्याने “ड्यू टू रेन, वी स्टेड अॅट होम” अशा धाटणीचे वाक्य लिहिले असणार. जुन्या वळणाच्या व्याकरणकारांचे म्हणणे असे की ‘ड्यू’ हे विशेषण आहे, त्याला टेकायला नाम हवे, म्हणून “उशीर पावसामुळे झाला” या अर्थाचे “द डिले वॉज ड्यू टू रेन” चालते आणि नातवाचे वाक्य चालत नाही, तिथे ‘बिकॉज ऑफ’ हवे. आज शब्दकोश दोन्ही मान्य करतात. बाई जुन्या शिस्तीच्या आहेत, त्यांचा वर्ग असेपर्यंत ‘बिकॉज ऑफ’ लिहावे आणि गुण पदरात पाडून घ्यावेत. अर्थाने सख्खे भावंड असलेले ‘ओइंग टू’ मात्र त्याच व्याकरणकारांनी बिनतक्रार चालवून घेतले, यावरून अशा नियमांत किती तर्क असतो आणि किती सवय, ते दिसते.

फॉर्मवर ‘ड्युली फिल्ड अँड साइन्ड’ असते, तिथे ‘ड्यू’चा अर्थ रीतसर. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’मध्ये यथोचित, आणि ते शब्द ऐकू आले की पुढे बोलणारा आपले म्हणणे खोडणार आहे हे ओळखावे. याच ‘रीतसर’ अर्थाच्या ‘ड्यू प्रोसेस’ या शब्दांवर घटना समितीत बराच खल झाला होता. शेवटी अनुच्छेद २१ मध्ये ते न घालता ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार’ असे घातले गेले, आणि ती कार्यपद्धती न्याय्य व वाजवीही असली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सांगितले. कोणत्या रीतीला रीतसर म्हणायचे हे ठरवायला एका देशाला जवळजवळ तीस वर्षे लागली, तिथे आपण तीन महिन्यांत हात टेकले यात नवल नाही.

राहिला चिरंजीवांचा प्रश्न. त्यांचा हेतू चांगला आहे, पण सगळे कागद पुण्याला पाठवण्याच्या मी विरोधात आहे. कागद इथे येतात, शाखा इथे आहे, सही यजमानांची लागते आणि तारखाही आपल्यालाच पाळायच्या आहेत. कागद पुण्याला गेला की त्याच्या आणि तारखेच्या मध्ये आणखी एक माणूस येतो, आणि कामाच्या गर्दीत मुलाकडून एक फोटो उघडायचा राहिला की दंड यजमानांच्या नावावर पडतो. त्याऐवजी अडलेल्या कागदाचा फोटो मुलाला पाठवून त्याला नेमका प्रश्न विचारा. “हे काय आहे” असे विचारले की “तू राहू दे, मी बघतो” असेच उत्तर येते. “ही रक्कम भरली की काही उरते का”, “ही तारीख शेवटची की पहिली”, “इथे देणारे आपण की ते” असे विचारले की उत्तर द्यावेच लागते, आणि एखाद वेळी त्यालाही बँकेला फोन करावा लागतो. ओटीपी आणि कार्डामागचा क्रमांक मात्र मुलालासुद्धा मेसेजवर पाठवू नका. “तुमचे पेमेंट ओव्हरड्यू आहे, लिंक दाबा” असे मेसेज या शब्दाच्या धाकावरच माणसांना फसवतात. असा मेसेज आला की लिंकला हात न लावता आपल्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे.

या आठवड्यात ठेव आणि कार्ड ही दोन कामे एकाच फेरीत उरका, कारण त्यांतले प्रत्येक दिवसाचे नुकसान आपले आहे. लेकीची तपासणी ज्या दिवशी असेल तो दिवस बँकेला देऊ नका. कागदपत्रांचा अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर तारीख, शिक्का व सहीनिशी पोच घ्या. पोच द्यायला कोणी कां-कूं केली तर तिथे वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ‘नो ड्यूज’च्या पत्रामागे टाचून ठेवा. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. भरपाईचा मुद्दा तिथे काढा, आणि कर्ज फिटल्यापासून कागद हाती येईपर्यंतच्या दिवसांचा हिशेब तक्रारीसोबत जोडा.